बारा फुलांचं प्रूफ

आता लोक काय वाट्टेल ते सांगतात. म्हणे डॉक्टर रानात डोळे मिटून बसायचे आणि फुलं त्यांच्याशी बोलायची. परवा एक बाई माझ्याच छापखान्यात उभ्या राहून मला हे ऐकवत होत्या. मी म्हटलं, "बाई, तो डॉक्टर माझा सख्खा भाऊ. डोळे मिटून बसला की पाचव्या मिनिटाला घोरतो. फुलं बोलली असली तरी त्याला काय डोंबल ऐकू येणार?" त्यांना राग आला. येऊ दे. खरं काय झालं ते मला माहीत आहे, कारण ते माझ्या छापखान्यात झालं, आणि निम्मं तर मी डोक्यात राख घालून घेतल्यामुळे झालं.

छापखाना मूळ आमच्या वडिलांचा. दादा शिकून डॉक्टर झाला आणि मी वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसून खिळे जुळवायला शिकले. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. लाकडी खणांमधून एकेक उचलायचं, उलटं ओळीत लावायचं, की पान तयार. लग्नही मी मशीनवरच्या माणसाशीच केलं. आमचे हे पायानं ट्रेडल मशीन चालवतात आणि दिवसभरात एकच शब्द बोलतात, "चालतंय." भाजी करपली तरी चालतंय, छप्पर गळलं तरी चालतंय. मी मात्र दोन माणसांचं बोलते, त्यामुळे घरात शांतता अशी कधी नसते.

दादाचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी त्याच्याकडे पोटदुखीचे दोन पेशंट आले. एक टपालवाला, ज्याचा नव्या साहेबापुढे थरकाप व्हायचा. दुसऱ्या एक शिक्षिका, ज्यांचं लेकीशी बोलणं बंद होतं. दादानं दोघांनाही तेच पांढरं औषध दिलं. आठवड्यानं दोघंही परत, दुखणं जिथल्या तिथं. त्या संध्याकाळी दादा माझ्याकडे येऊन कागदाच्या गठ्ठ्यावर बसला आणि म्हणाला, "ठिणगे, मी पोटाला औषध देतोय आणि दुखतंय भलतीकडेच." ठिणगी हे माझं घरातलं नाव. का पडलं ते सांगायची गरज नसावी.

तिथून त्याला फुलांचं वेड लागलं. मी विचारलं, "फुलंच का रे बाबा? पाला आहे, मुळ्या आहेत, साली आहेत." तर म्हणाला, "आजाऱ्याला भेटायला जाताना लोक फुलं का नेतात? मुळ्या का नाही नेत?" मी वाद तिथंच सोडला. असं माझं फार क्वचित होतं.

त्याच्या घराला ऊन नाही, म्हणून सगळा पसारा माझ्या गच्चीवर. काचेचे वाडगे, त्यांत स्वच्छ पाणी, पाण्यावर फुलं. फुलाला बोट लावायचं नाही, पानात धरूनच खुडायचं. वर पातळ फडकं टाकून तीन तास उन्हात ठेवायचं. मग फुलं काढून त्या पाण्यात तेवढीच ब्रँडी घालायची, म्हणजे ते टिकतं, आणि त्यातले चार थेंब पेलाभर पाण्यातून घ्यायचे. प्रत्येक फूल आधी स्वतः घेऊन बघायचा, वहीत लिहायचा. एकदा मोहरीच्या फुलांपुढे अर्धा दिवस बसला आणि डोळे पुसत खाली आला. म्हणाला, "मनावरचं मळभ गेलं गं." मी म्हटलं, "मोहरी नाकात गेली असेल."

माझे कपडे वाळायचे हाल. पण दादा रोज येत होता, जिन्यावर त्याचे पाय वाजत होते, वरून "ठिणगे, चहा!" अशी हाक येत होती. ते मला आवडायचं. त्याला कधी सांगितलं नाही एवढंच.

पेशंट मात्र पांगले. अंगात ताप घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टरनं "कोणावर रागावलात?" असं विचारलं तर तो दुसरा डॉक्टर बघणारच. आणि मग एका महिन्याच्या सुरुवातीला दादाला एक पत्र आलं. दोन दिवसांच्या प्रवासावरच्या एका मोठ्या रुग्णालयात जागा होती. राहायला घर, कायमची नोकरी. शेवटच्या शनिवारी दुपारच्या टपालानं होकार गेला पाहिजे. वहिनी म्हणाली, "बरं होईल." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "जा की! गच्ची तरी मोकळी होईल." एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. सामान बांधायला म्हणून कागदाच्या गठ्ठ्यांची चांगली मजबूत दोरीही काढून दिली मी त्याला, वेटोळं करून.

आई गेली, वडील गेले, आणि लहानपणीच्या घरातलं हे एकच माणूस उरलं होतं, तेही चाललं होतं. पण हे बोलायचं कसं? आमच्या घरात भांडायला कुणाची हरकत नसे, रडायला असे.

सोमवारी सकाळी दादा वही घेऊन आला. "शनिवारपर्यंत एवढी पुस्तिका छाप. बारा बाटल्या, बारा पानं. मी गेल्यावर माझ्या लोकांना आपापली बाटली ओळखता आली पाहिजे."

"आजार लिहिलेत?"

"आजार नाही. माणसं लिहिलीत."

मला वाटलं असेल त्याचं काहीतरी. मी खिळे जुळवायला बसले. आता, वाचणारा माणूस भराभर वाचतो. जुळारी अक्षर अक्षर वाचतो, तेही उलटं. त्यामुळे त्याला उशिरा समजतं, पण समजतं ते पक्कं. पहिल्या पानाची तिसरी ओळ लावताना माझा हात थांबला. तिळाच्या फुलाचं पान होतं ते. "ही माणसं सात जणांचा सल्ला घेतात, आठव्याचं ऐकतात आणि नववा भेटला नाही म्हणून हळहळतात." अहो, हे तर आमचे काका! शिंपीकाम करतात. सदऱ्याला बटणं पांढरी लावू की काळी, हे रस्त्यावरच्या माणसाला बोलावून विचारतात.

पुढचं पान डाळिंबाच्या फुलाचं. "घरचं कुणी अर्धा तास उशिरा आलं तर यांच्या मनात अपघात होऊन, माणूस जाऊन, त्याचे कपडे कुणाला द्यायचे हेही ठरलेलं असतं." मावशी! शंकाच नको. रानगुलाब: "यांना सगळं चालतं. काय हवं ते विचारणं लोकांनी सोडलेलं असतं, आणि हळूहळू यांनीही." मी मशीनकडे पाहिलं. आमचे हे शाईचा रूळ पुसत होते. पांढरी शेवंती: "यांना नाही म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या मनातलं ओळखून हो म्हणतात, आणि पुष्कळदा चुकीचं ओळखतात." ही वहिनी. मला हसू आवरेना. दादानं सगळ्या घराला बाटल्यांत भरलं होतं.

आणि मग आला तेरडा. ज्याच्या शेंगेला नुसतं बोट लागलं तरी फट्‍कन फुटते, तो. "वाक्य दुसऱ्याचं असतं, पूर्ण ही माणसं करतात. दुसऱ्याचा संथपणा यांना सोसवत नाही. हातातलं काम हिसकावून घेतात आणि वर थकलो म्हणून कुरकुरतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी! मला बाटलीत घातलं! माझी गच्ची, माझं ऊन, माझा चहा, आणि जाता जाता हे बक्षीस! हातातला खिळा मी इतक्या जोरात खणात टाकला की ह्यांनी वळून पाहिलं.

रागात मला एक गोष्ट सुचली. आमच्या वडिलांचा एक नियम होता. पूर्वी एकदा चुकीच्या निरोपावरून त्यांनी एका धडधाकट माणसाच्या निधनाचं पत्रक छापलं, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूसच ते पत्रक हातात घेऊन दारात उभा राहिला. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. ज्याच्याबद्दल छापायचं, त्याची प्रूफावर, म्हणजे तपासायच्या कच्च्या प्रतीवर, सही हवी. मशीनवरच्या माणसानं सही पाहिल्याशिवाय पाय मारायचा नाही. आमचे हे अठरा वर्षांचे असल्यापासून त्या नियमात वाढलेले.

तर मी काय केलं, सगळी पानं जुळवली, बुधवारी प्रूफं काढली, आणि ज्याचं त्याला पाठवून दिलं. प्रत्येकावर चिठ्ठी: "मजकूर आपल्याबद्दल आहे. तपासून, दुरुस्त करून, सही करून परत करावा." बारांतली सहा पानं दादाच्या पेशंटांची होती. त्यांच्या सह्या दादानं आधीच वहीत घेतल्या होत्या, म्हणून ती तशीच सोडली. उरलेल्या सहांतली पाच वर सांगितलीच. सहावं निवडुंगाच्या फुलाचं. ते कुणाचं हे मला नीटसं लागेना, पण त्यात बरीच आदळआपट होती, म्हणून तेही मावशीलाच पाठवलं. मावशी मोठं माणूस आहे, तिला दोन लागणारच, असा मी हिशेब केला. होऊ दे घरात महाभारत, मला काय!

गुरुवारी सकाळी सगळ्यात आधी काका आले. गळ्यात मापाची फीत तशीच. मला वाटलं, आता कडाडणार. तर प्रूफ पुढे करून म्हणतात, "पोरी, 'सात जणांचा' हे बरोबर वाटतं का गं तुला? मी पाच केलं होतं. मग शेजारी म्हणाला दहा कर. तुझं काय मत?"

"काका, तुम्हाला राग नाही आला?"

"राग यावा का? मावशीला विचारलं, ती म्हणाली यावा. तुझी वहिनी म्हणाली येऊ नये." मग खुर्चीवर बसले आणि जरा वेळानं आवाज खाली आणून म्हणाले, "एक ओळ वाढव. लहानपणी यांनी एकदा स्वतःच्या मनानं एक गोष्ट केली होती, आणि ती फार वाईट चुकली होती. तेवढं घाल." कोणती गोष्ट ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. जन्मभर मी या माणसाला हसत आले होते, आणि आता मला कसंतरीच झालं.

दुपारी मावशी आली ती रडतच. "कपडे कुणाला द्यायचे इथपर्यंत मी जात नाही हो! फार तर चपलांपर्यंत." म्हटलं, दुरुस्ती घे, कपडे काढून चपला घालते. तिनं डोळे पुसले, सही केली. मग निवडुंगाचं पान माझ्यापुढे ठेवलं. "हे माझं नाही."

"असं कसं? नीट वाच."

"नीटच वाचलं. मी इथून तिथं जाणाऱ्याचाही हात सोडत नाही, रडून रडून गाडी चुकवते माणसांची. हे माझं नाही." आणि माझ्याकडे अशी काही बघत राहिली की मला वाटलं माझ्या नाकाला शाई लागली आहे. मी नाक पुसलं. मावशी सुस्कारा टाकून निघून गेली.

ह्यांचं प्रूफ मी जेवणाच्या डब्याखाली सरकवलं होतं. संध्याकाळी ते माझ्या टेबलावर परत आलं. "यांना सगळं चालतं" या ओळीवर एक बारीक रेघ आणि बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं: "सगळं नाही. चहात साखर फार असते. अकरा वर्षं."

मी मशीनजवळ गेले. "अहो! अकरा वर्षं गोड चहा प्यायलात? बोलायचं नाही का?"

"तू विचारलं नाहीस," हे म्हणाले. "आणि तू इतक्या हौसेनं साखर घालतेस." एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बिनसाखरेचा चहा प्यायला. भयंकर लागला, पण मी चूपचाप प्यायले.

आता उरली वहिनी आणि उरला माझा तेरडा. तेरड्यावर मी स्वतःच फाडकन सही केली आणि शुक्रवारी सकाळी दवाखान्यात जाऊन दादाच्या टेबलावर आपटला. "घे! केली सही! मी आहेच अशी!"

दादानं पान पाहिलं आणि हसत सुटला. खुर्ची मागे गेली, डोळ्यांतून पाणी. "अगं वेडे, हा मी आहे!"

"तू? वाक्य दुसऱ्याचं पूर्ण..."

"...कोण करतं? बघ, आत्ताच केलं. आणि तू कसली उतावळी? तासन्‌तास एकेक खिळा लावणारी बाई तू. मला त्या स्टुलावर दहा मिनिटं बसव, मी खणांसकट खिडकीतून उडी मारीन. पेशंट 'मला वाटतं की' म्हणाला की मी त्याला काय वाटतं ते सांगून मोकळा. लोक फुलांमुळे नाही गेले ठिणगे, माझ्या या घाईमुळे गेले. म्हणून पहिली बाटली स्वतःसाठी केली." माझी सही खोडून त्यानं शेजारी स्वतःची केली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण लगेच दुसरा राग आला. "म्हणजे मी बारांत नाहीच? काका आहेत, मावशी आहे, साखरेवाले आहेत, आणि सख्खी बहीण नाही?"

"आहेस की."

"कुठली?"

"शोध," म्हणाला आणि बाहेरच्या पेशंटला हाक मारली. दिवसातला तो एकच पेशंट होता.

परत आले तर वहिनी छापखान्यात बसलेली. हातात शेवंतीचं प्रूफ. "वन्सं, इथं लिहिलंय, यांना नाही म्हणता येत नाही. ते चूक आहे."

"म्हणजे तुला येतं?"

"आजपासून येतं. मला नाही जायचं."

"वहिनी, तूच तर म्हणालीस ना, बरं होईल म्हणून?"

"ह्यांनी पत्र वाचलं तेव्हा चेहरा असा झाला होता, मला वाटलं ह्यांना फार जायचंय आणि माझ्यासाठी अडलंय. म्हणून हो म्हटलं. ते आपलं या पानावर लिहिलंय तसंच, ओळखलं ते चुकीचं ओळखलं. आणि ह्यांना वाटलं मला जायचंय." तिनं पदरानं कपाळ टिपलं. "सकाळी सांगितलं मी त्यांना."

"मग मिटलंच की!" माझा आवाज इतका चढला की मलाच लाज वाटली.

"नाही मिटलं. ते म्हणाले, तुझं कळलं, पण इथं थांबायचं कुणासाठी? पेशंट हसतात. गावात कुणाला गरज नाही. सख्ख्या बहिणीनं दोरी काढून दिली." वहिनीनं सही केली, पेन टोपण लावून माझ्यापुढे ठेवलं. "मी बायको आहे वन्सं, मी थांबा म्हटलं तर त्यांना वाटतं बायकोची सवय. दुसऱ्या एका माणसानं तरी म्हणायला हवं ना?"

ती गेली. मी बराच वेळ त्या दोरीचाच विचार करत बसले. अगदी चांगली दोरी होती. नवीन.

शनिवारी सकाळी पाच सह्या टेबलावर होत्या. पानं मशीनवर चढली. ह्यांनी एकेक चाळून पाहिलं आणि पाय खाली ठेवला. "निवडुंगावर सही नाही."

"नसू दे. ते कुणाचंच नाही. मावशी म्हणाली माझं नाही, मग काकांना दाखवलं, ते म्हणाले माझंही नाही. छापा."

"सही नाही."

"अहो, बारा वाजता टपाल जातं. होकार टाकून तो लगेच पुस्तिका न्यायला येईल. चालवा!"

"चालत नाही," हे म्हणाले, आणि मशीनला पाठ टेकून हाताची घडी घालून उभे राहिले. असा दिवस आमच्या छापखान्यानं पाहिला नव्हता.

मी चिडून ते पान उचललं. पहिल्यांदा ते मी उलट्या अक्षरांत वाचलं होतं. आता सरळ वाचलं. "ज्यांना थांब म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी. आपलं माणूस निघालं की ही माणसं त्याला घाई करतात, सामान बांधायला मदत करतात, आणि ते गेल्यावर घरातल्या भांड्यांवर राग काढतात. मागितलं आणि मिळालं नाही तर काय, ही यांची भीती. म्हणून मागतच नाहीत. प्रेम यांच्याकडे सगळ्यांत जास्त असतं, पण हात घालायला जावं तर काटे. हे फूल खुडताना माझी बोटं तीनदा रक्ताळली."

मी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मावशी नाकाकडे का बघत होती ते कळलं. वहिनी पेन माझ्यापुढे का ठेवून गेली तेही. सगळ्या घराला माहीत होतं, मूर्ख एकटी मीच! ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताची शाई माझ्या झंपरला लागली, पण त्या दिवशी मी त्यावरूनही बोलले नाही.

घड्याळात साडेदहा झाले होते. वर गच्चीवर दादाचे पाय वाजत होते. वाडगे आवरायला आला होता. मी पान घेऊन जिना चढले. एकेका पायरीला वाटत होतं, परत फिरावं, काहीतरी काम आठवावं.

दादा गुडघ्यांवर बसून वाडगे कागदात गुंडाळत होता. सदऱ्याच्या खिशात लांब पाकीट होतं, त्यावर रुग्णालयाचा पत्ता. मला पाहून म्हणाला, "झाली छापून?"

"कशी होईल? तुझे हे वाडगे बघ! कसे बांधतोस रे? फुटतील सगळे. अजून कागद घ्यायचे होते..." तोंडातून हेच आलं. तोंडाला तीच सवय. मी थांबले. दादानं वर पाहिलं, माझ्या हातातलं पान पाहिलं, आणि वाडगा खाली ठेवला.

"दादा," मी म्हटलं.

तो गप्प.

"दादा, मला असं म्हणायचं होतं की..."

आणि बघा, ज्या माणसानं जन्मात कुणाचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही, तो ओठ घट्ट मिटून बसला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. पुढचे शब्द त्याच्या जिभेवर आहेत हे मला दिसत होतं. पण त्यानं ते मला दिले नाहीत. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. गच्चीवरचं ऊन डोक्यावर तापत होतं. मला इतका राग आला त्याचा! एरवी मी शिंकायच्या आधी म्हणतोस "सर्दी झाली", आणि आज मेल्या तोंड शिवलंस?

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "तू नसलास तर मला करमणार नाही. मला तू हवायस इथं. गच्ची मोकळी नकोय मला."

दादानं श्वास सोडला. इतका मोठा, की शेजारच्या वाडग्यावरचं फडकं हललं. "बाई गं," तो म्हणाला, "महिनाभर वाट बघतोय मी. मरायची वेळ आली होती वाट बघून."

"मग विचारायचं नाहीस?"

"मी विचारलं असतं तर ते माझं वाक्य झालं असतं." आणि मग तोही रडला आणि मीही रडले, भर उन्हात, सगळ्या शेजाऱ्यांच्या खिडक्यांसमोर. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

मी त्याचंच पेन घेतलं. पानावरच्या "थांब म्हणता येत नाही" मधलं "येत नाही" खोडून "फार उशिरा येतं" केलं आणि खाली सही केली. जिन्यातून हाक मारली, "अहो, सही झाली!" आणि खाली मशीन खडखडायला लागलं.

"आता ते पत्र दे इकडे," मी म्हटलं. "फाडते."

दादानं पाकीट उघडलं. आत कोरा कागद. "रोज लिहायला बसत होतो," तो म्हणाला. "'आपला होकार' पर्यंत यायचो आणि काहीतरी काम निघायचं. तूच लिही बाई आता. शब्द जुळवायचं काम तुझं."

मी गच्चीच्या कठड्यावर कागद ठेवला. महाशय, सादर नमस्कार, आपण दिलेल्या जागेबद्दल आभारी आहे, परंतु मी येऊ शकत नाही. इथपर्यंत झरझर लिहिलं. मग विचारलं, "कारण काय लिहू?"

"जे आहे ते लिही," दादा म्हणाला.

आणि मी लिहिलं, अगदी सुवाच्य अक्षरात: बहिणीनं थांब म्हटलं आहे.